खोगिराचा फुगवटा आणि कामाचे माप

(मराठी विभागाच्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण. 'हत्यार आणि कामगार' या मालेतील हे एक भाषण वाचकांच्या मागणीवरून येथे देत आहोत.)

साथींनो,

आजचा विषय आहे अमेरिकेतल्या गुराख्यांचे, म्हणजे काऊबॉयचे खोगीर. कार्यक्रमपत्रिका वाचून काही साथींनी आम्हाला विचारले, "आपल्यापैकी घोड्यावर कोण बसतो?" प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी कोणी रुळांवर गस्त घालतो, कोणी वर्कशॉपमध्ये लेथवर उभा असतो, कोणी आरएमएसच्या सॉर्टिंगच्या खणांपुढे रात्र काढतो, कोणी पिशवी खांद्याला लावून जिने चढतो. पण या सर्वांना एक प्रश्न सारखाच लागू आहे. ज्या हत्याराच्या आधाराने आपण काम करतो, त्याचे माप कोण ठरवतो? आणि ते हत्यार बनवणाऱ्याचा वेळ कोण मोजतो? या दोन प्रश्नांची उत्तरे एका खोगिरात जितकी स्पष्ट दिसतात तितकी क्वचितच दुसरीकडे दिसत असतील, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात टपालापासूनच करू. एप्रिल १८६० मध्ये अमेरिकेत 'पोनी एक्सप्रेस' सुरू झाली. मिसुरी राज्यातील सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोपर्यंत, सुमारे १९०० मैल, घोडेस्वारांच्या साखळीने टपाल साधारण दहा दिवसांत पोचवले जाई. स्वार ठरावीक अंतरावर घोडा बदलत असे, आणि टपालाची पिशवी सोडण्या-बांधण्यात वेळ जाऊ नये म्हणून एक युक्ती केलेली होती. चामड्याची एक मोठी झूल, तिला 'मोचिला' म्हणत, खोगिरावर नुसती टाकायची. खोगिराच्या पुढच्या शिंगासाठी आणि मागच्या उंच काठासाठी तिला छेद ठेवलेले असत. चार कोपऱ्यांना टपालाचे चार कप्पे. स्वार तिच्यावर बसला की टपाल जागेवर पक्के. घोडा बदलताना झूल उचलायची आणि नव्या खोगिरावर टाकायची, इतकेच काम. ऑक्टोबर १८६१ मध्ये तारेची लाईन देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली आणि पोनी एक्सप्रेस बंद झाली. नवे यंत्र आले की जुन्या कामगाराचे काय होते, हे टपाल कामगारांना निराळे सांगायला नको.

त्या झुलीला खोगिरावर सहज बसता येई, कारण त्या काळच्या खोगिराचा पुढचा भाग निमुळता होता. आजच्या विषयाची गाठ येथेच आहे.

सांगाडा म्हणजे काय

आपल्याकडचे खोगीर म्हटले की भरलेली गादी डोळ्यांपुढे येते. 'खोगीरभरती' हा शब्दच त्यातून आला. अमेरिकन पश्चिमेचे खोगीर वेगळे असते. मेक्सिकोतील गुराख्यांकडून आलेल्या या खोगिराच्या आत लाकडाचा सांगाडा असतो. त्याला तिकडे 'ट्री' म्हणजे झाड म्हणतात. घोड्याच्या पाठकण्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या दोन लांब पाट्या, त्यांना पुढून जोडणारी कमान, मागून जोडणारा उंच काठ, आणि पुढच्या कमानीवर दोर अडकवण्यासाठी शिंग. हा सर्व सांगाडा ओल्या कच्च्या कातड्यात शिवून टाकतात. कातडे सुकताना आवळते आणि लाकूड चहूकडून जखडून धरते. चारपाचशे किलोच्या बैलाला दोर लावून तो दोर शिंगाला गुंडाळला की सगळा ओढा या सांगाड्यावर येतो. सांगाडा कच्चा निघाला तर घोड्याची पाठ फुटते आणि माणसाचा जीव जातो.

हे सांगाडे कोण बनवत असे? इंडियाना राज्यातील मॅडिसन गावात या धंद्याचे अनेक छोटे कारखाने होते. जर्मनीहून आलेल्या बेन श्रोडर यांनी १८७८ मध्ये सुरू केलेला कारखाना १९७२ पर्यंत चालला. आज तेथे संग्रहालय आहे. दुसरीकडे मिसुरीतील जेफर्सन सिटीच्या तुरुंगात कंत्राटदार कैद्यांकडून हेच सांगाडे करून घेत. म्हणजे बाहेरच्या सुताराच्या मजुरीची स्पर्धा तुरुंगातल्या मजुरीशी. कंत्राटी कामाचा हा इतिहास जुना आहे, आणि तो सर्व देशांत सारखाच आहे.

फुगवटा कोठून आला

जुन्या खोगिराची पुढची कमान शिंगाखालून सरळ उतरत असे, जेमतेम आठनऊ इंच रुंद. घोडा उसळला तर मांडीला अडकायला काही नाही. घोडा मालकाचा, बहुतेक वेळा अर्धवट शिकवलेला. खोगीर मात्र गुराख्याचे स्वतःचे, त्याच्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग. एखाद्याने खोगीर विकले असे म्हटले की समजावे, त्याचा धंदा संपला. आपल्या सुताराने रंधा-करवत विकावी, तसे ते.

मग गुराख्यांनी स्वतःच उपाय शोधला. कोट किंवा घोंगडी गुंडाळायची आणि शिंगाच्या मागे कमानीवर आडवी बांधायची. घोडा उसळला की मांडी त्या गुंडाळीखाली अडकते. पुढे कोणी केस भरलेल्या चामड्याच्या उशा करून कमानीच्या दोन्ही अंगांना बांधल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खोगीर बनवणाऱ्यांनी ही उशी लाकडातच आणली. कमानीच्या दोन्ही बाजूंना फुगवटे आले. ही सुधारणा कोणा इंजिनिअरच्या टेबलावर जन्मली नाही. पडून हाडे मोडलेल्या मजुरांनी ती घोंगडीच्या गुंडाळीतून जन्माला घातली. आपल्या वर्कशॉपमध्येही असे कितीतरी जिग आणि कितीतरी पाने आहेत, जे एखाद्या फिटरने स्वतःच्या सोयीसाठी केले आणि नंतर नकाशावर चढले. नकाशावर त्याचे नाव मात्र कधी चढले नाही.

पुढे फुगवट्यांची चढाओढ लागली. बारा इंच, चौदा इंच, काही सांगाडे अठरा इंचांच्याही पुढे गेले. शिवाय फुगवट्याच्या मागून आणि खालून लाकूड कोरून आत खोलगट जागा ठेवू लागले, म्हणजे मांडी नुसती टेकणार नाही तर त्या खोबणीत घुसेल.

चामडे बसवण्याचे काम

आता कारागिराच्या बाकावर जाऊ. रुंद आणि खालून कोरलेल्या फुगवट्यावर चामडे चढवणे हे या धंद्यातले एक अवघड काम आहे. का अवघड, ते समजण्यासाठी घरातले मडके डोळ्यांपुढे आणा. मडक्याच्या पोटावर ओले फडके ताणून बसवा. पोटावर ते छान बसेल. तेच फडके गळ्यापर्यंत नेऊन चिकटवू पाहा. गळ्याचा घेर पोटाच्या घेरापेक्षा कमी, म्हणून कापड जास्त होते आणि चुण्या पडतात. शिंपी अशा ठिकाणी टक घेतो. पण येथे कापड नाही, सुमारे पाच मिलिमीटर जाडीचे चामडे आहे.

जुन्या निमुळत्या कमानीवर हा प्रश्नच नव्हता. एकसंध तुकडा, शिंगासाठी भोक, दोन्हीकडे खाली ओढला की झाले. फुगवटा थोडा असेल तरी मुरलेला कारागीर जोड न घेता चामडे बसवतो. त्यासाठी झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेले चामडेच लागते, कारण तेच ओले असताना आकार घेते आणि सुकल्यावर तो सोडत नाही. क्रोम लावून कमावलेले चामडे मऊ खरे, पण आकार धरून ठेवत नाही.

काम असे चालते. आधी कागदावर किंवा कापडावर माप घेऊन तुकडा कापायचा, कडा रापीने पातळ करायच्या. चामडे पाण्यात भिजवायचे, मग गुंडाळून ठेवायचे, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. घाई करून नुसते वरून ओले केले तर वरचा थर लवतो, आतला लवत नाही, आणि ओढताना चामडे तडकते. मुरलेले चामडे कमानीवर घालून हाताने खाली ओढायचे, गुळगुळीत लाकडाने किंवा हाडाने घासत घासत पोटावरून खोबणीकडे न्यायचे. जादा चामडे एका जागी गोळा होऊ द्यायचे नाही. थोडेथोडे सर्वत्र वाटून जिरवायचे. खोबणीत ते दाबून खिळ्यांनी आणि पट्ट्यांनी धरून ठेवायचे आणि सावलीत सावकाश सुकू द्यायचे.

खोबणीची गोम इथेच आहे. चामडे सुकताना आवळते आणि जवळची वाट शोधते. फुगवट्याच्या कडेपासून खालच्या पाटीपर्यंत ते सरळ ताणून बसू पाहते, खोबणीत जात नाही. वरून बघितले तर काम सफाईदार दिसते. बोटाने दाबले तर खाली पोकळ. सांगाड्यावर कच्चे कातडे चढवणाऱ्यालाही हाच त्रास, म्हणून तोही खोबणीत कातडे जखडून मगच सुकवतो.

फुगवटा फार रुंद आणि खोबण खोल असेल तर मात्र कितीही घासले तरी जादा चामडे जिरत नाही. तेथे जोड घ्यावाच लागतो. चामडे सांगाड्यावर बसवून जादा भागाची खूण करायची, उतरवायचे, पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढायचा, आणि दोन्ही कडांच्या मध्ये चामड्याची बारीक मगजी ठेवून शिवायचे. मग पुन्हा ओले करून चढवायचे. पाचर केसभर जास्त कापली तर चामडे अपुरे पडते आणि सगळा तुकडा वाया. कमी कापली तर चुणी राहते.

शिवण हाताची असते. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. अशा शिवणीचा एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. साथींनो, संघटनेवरच्या भाषणात आम्ही पुष्कळ दाखले दिले आहेत, पण हा दाखला आम्हाला एका शिवणीनेच दिला.

वेळ कोण मोजतो

अमेरिकेतील खोगीर आणि साज बनवणाऱ्या कामगारांची स्वतःची युनियन होती. ती १९१७ मध्ये चामडे कामगारांच्या मोठ्या युनियनमध्ये सामील झाली. मोटार आली, घोडा गेला, आणि धंदा आकसला. पण खोगिरे बनायची थांबली नाहीत. त्यातला मोठा हिस्सा आपल्या देशात आला. कानपूरमध्ये १८६० च्या दशकात लष्करासाठी सरकारी साज आणि खोगीर कारखाना उभा राहिला. तोच पुढे ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरी झाला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून, संरक्षण कामगारांच्या महासंघांचा विरोध डावलून, तो कंपनीच्या ताब्यात दिला गेला. त्या कारखान्याभोवती बाभळीच्या सालीने कातडी कमावण्याचा आणि खोगिरे शिवण्याचा धंदा वाढला. आज कानपूरच्या खासगी शेडमधून परदेशी खोगिरे जातात, त्यांत हे अमेरिकन पद्धतीचेही असते.

आमच्यापैकी काहीजण एका बैठकीनिमित्त तिकडे गेले असता अशा एका शेडमध्ये बसले होते. नाव सांगत नाही, कारण बोलणाऱ्यांची रोजी जायची. तेथे मजुरी नगावर. दराच्या कागदावर एकच ओळ: अमेरिकन खोगीर, पुढची कमान मढवणे. निमुळती कमान असो की खोल कोरलेला फुगवटा, दर एकच. निमुळत्या कमानीला जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ मगजी घातलेल्या फुगवट्याला लागतो. शिवाय चामडे सुकेपर्यंत तो नग अडकलेला, आणि पाचर चुकली तर तुकड्याची किंमत मजुरीतून वजा. मग काय होते? कारागीर चामडे खोबणीत दाबत बसत नाही. वरून ताणून शिवतो आणि नग पुढे सरकवतो. पोकळी ग्राहकाला दिसत नाही. ती वर्षभराने स्वाराच्या मांडीखाली उघडी पडते, आणि बोल लागतो "हिंदुस्थानी मालाला".

दोष कारागिराचा नाही. तो दराच्या कागदाचा आहे. वर्कशॉपमधल्या साथींना 'अलाउड टाइम' म्हणजे काय ते ठाऊक आहे. ठरवून दिलेल्या वेळात कठीण जॉब आणि सोपा जॉब एकाच ओळीत घातला, तर काय होते हेही ठाऊक आहे. टपालातही तेच. एका बीटमध्ये सपाट रस्त्यावरचे बंगले आणि दुसऱ्यात लिफ्ट नसलेल्या चार मजली चाळी. कागदावर पत्रांचा आकडा सारखा म्हणून काम सारखे धरायचे. चाळीचा जिना हा त्या कागदावर न आलेला फुगवटाच आहे.

धरून ठेवणे आणि अडकवणे

आता स्वाराकडे परत जाऊ. फुगवटा रुंद झाला, खोबण खोल झाली, मागचा काठ उंच झाला. स्वार घट्ट बसला. पण घोडा कधीकधी मागच्या पायांवर उभा राहून उलटा पडतो. अशा वेळी स्वाराने बाजूला फेकले जाणे यातच त्याचा बचाव. या खोगिरात मांड्या अडकल्याने त्याला निसटता येईना. गुराख्यांनीच अशा खोगिराला नाव दिले, 'अस्वलाचा सापळा'. पडू नये म्हणून केलेली सोय पडल्यावर काळ झाली.

घोडे फोडण्याच्या जाहीर शर्यतींत, म्हणजे रोडिओत, आणखी एक तक्रार निघाली. ज्याचा फुगवटा मोठा त्याला बसणे सोपे. मग तुलना कशी करायची? ऑरेगॉन राज्यातील पेंडल्टन गावी १९१० पासून मोठा रोडिओ भरतो. त्याच गावच्या हॅम्ले या खोगीर कंपनीने १९१९ मध्ये रोडिओ समित्यांसाठी एक ठरीव खोगीर तयार केले. फुगवटा चौदा इंच, मागचा काठ पाच इंच. सर्वांना तेच माप. पुढे या शर्यतीच्या खोगिरावरून शिंगही काढून टाकले गेले, कारण पडताना ते पोटात घुसते. माप ठरले ही गोष्ट चांगलीच झाली. पण ते ठरवणाऱ्या समित्या भरवणाऱ्यांच्या होत्या, स्वारांच्या नव्हत्या, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

स्वार एकत्र येतात

सिनेमात काऊबॉय एकटा दिसतो. इतिहासात तो संपावरही दिसतो. १८८३ मध्ये टेक्सासच्या पॅनहँडल भागात चोवीस गुराख्यांनी सहीनिशी नोटीस दिली: महिन्याला पन्नास डॉलरच्या खाली काम करणार नाही. त्या वेळी पगार साधारण पंचवीस ते चाळीस डॉलर होता. स्वयंपाक्यालाही तेवढेच मिळावे असे त्यांनी लिहिले होते, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मोठ्या कंपन्यांनी कुरणे ताब्यात घेऊन गुराख्यांना स्वतःची चार गुरे पाळायलाही बंदी केली होती, त्याचा राग होताच. संप अडीच महिने टिकला. निधी तुटपुंजा, बदली माणसे मुबलक, संप हरला. त्यांच्याजवळ खोगिरे स्वतःची होती, घोडे नव्हते.

त्रेपन्न वर्षांनी, १९३६ मध्ये, बॉस्टन गार्डन येथील रोडिओत एकसष्ट स्वारांनी काम थांबवले. प्रवेश फी स्वारांनी भरायची आणि बक्षिसाची रक्कम मात्र त्या फीच्या बेरजेपेक्षाही तोकडी असायची, ही त्यांची तक्रार. बक्षीस दुप्पट करा आणि आमची फी बक्षिसात मिळवा, ही मागणी. आयोजक कर्नल जॉन्सन यांनी बदली गडी आणून पाहिले. ते जमले नाही, मागणी मान्य झाली. त्या संपातून 'काऊबॉईज टर्टल असोसिएशन' उभी राहिली. टर्टल म्हणजे कासव. एकत्र यायला उशीर लागला, पण शेवटी मान बाहेर काढली, म्हणून कासव. स्वारांची आजची व्यावसायिक संघटना तिचीच वारस आहे.

आपल्यासाठी

साथींनो, या सर्वातून आपण घरी काय न्यायचे? नवे हत्यार, नवी खुर्ची, वाटपाचे नवे यंत्र किंवा गस्तीचे नवे साहित्य आले की आपल्या शाखेने तीन प्रश्न लेखी विचारावेत. एक, हे वापरणाऱ्याचे माप घेतले होते का? दोन, कठीण आणि सोप्या कामाचा वेळ वेगवेगळा मोजला आहे का, आणि मोजताना कामगार हजर होता का? तीन, हे आपल्याला धरून ठेवते तेव्हा सुटायची वाट ठेवली आहे का?

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पट्टा घट्ट बसतो हे साहेब दाखवतो; तो एका झटक्यात सुटतो का, हे आपण दाखवायला सांगितले पाहिजे. पिशवी खांद्यावरून घसरत नाही हे ठीक. पण कुत्रा अंगावर आला तर ती टाकता येते का?

आणि जेथे जोड घेणे भाग आहे तेथे तो उघडपणे घ्यावा, नीट शिवावा, त्याचा वेळ मागून घ्यावा. वरून ताणून पोकळी झाकली तर आजचा नग निघेल, पण उद्या त्या पोकळीवर बसणारा आपल्यासारखाच एखादा मजूर असेल.

एवढे बोलून थांबतो. प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्या शाखांनी कामाच्या वेळेचे तक्ते बरोबर आणले असतील त्यांनी ते पुढे द्यावेत. आपण ते येथेच एकत्र बसून पाहू.